मुनीबचा पाऊण सूर

मित्रांनो, मी सीरियातल्या अलेप्पो शहरातला एक जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि माझ्यामुळे एका माणसाचा गळा गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझी कीव करत बसणार नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या कारखान्यात झाला. हिकमत मास्तरांच्या धाकट्या भावाने मला तिथून पाठवले. मी चांगला वजनदार होतो, दोघांनी मिळून उचलावा असा. माझ्या पाठीवर फितीची दोन मोठी रिळे होती आणि पोटात एक रबरी पट्टा. मोटर सुरू झाली की हा पट्टा रिळांना फिरवत असे.

हिकमत मास्तर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना एकच नाद होता. कोणता गवई किती वर जातो, हे ते मोजत. एखादा सूर मनात भरला की घरी येऊन ऊद या वाद्याच्या तारांवर तो शोधायचा आणि वहीत टिपून ठेवायचा. शुक्रवारी दुपारी त्यांच्या अंगणात याच नादाची माणसे जमत आणि अमक्याचा सूर उंच की तमक्याचा, यावर चहा थंड होईपर्यंत भांडत. औषधांच्या दुकानाचे शुक्री एकदा म्हणाले, "मास्तर, लोक जेवणाची चव लक्षात ठेवतात. तुम्ही नुसती मिरची किती तिखट होती तेवढंच लिहून ठेवता!"

"तिखट मोजता येतं, शुक्री. चव कशानं मोजू?"

एका हिवाळ्यात मास्तरांना बातमी लागली की साबणाच्या कारखान्यात मुनीब नावाचा एक कामगार फार सुंदर गातो. मुनीब तिशीच्या आतला होता. दिवसभर साबणाच्या वड्यांवर शिक्का मारायचा आणि गायचा. मास्तरांनी मला हातगाडीवर घातले आणि थेट कारखान्याच्या गोदामात नेले. साबणाच्या वड्या तिथे छतापर्यंत रचून वाळत ठेवल्या होत्या. आवाज त्यांच्यामधून घुमून परत येई. पण थंडी अशी होती की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

मास्तरांनी आधी माझ्यासमोर तारीख आणि मुनीबचे नाव सांगितले. मग मुनीबने डोळे मिटून "या लैल", म्हणजे 'हे रात्री', असे आळवायला सुरुवात केली आणि पायरी पायरीने वर जाऊन एका सुरावर तो थांबला. किती वेळ थांबला म्हणून सांगू! सगळे कामगार हातातले काम टाकून उभे राहिले.

आणि माझे? थंडीने माझे वंगण घट्ट झाले होते, पट्टा ताठरला होता, आणि रिळे नेहमीपेक्षा सावकाश फिरत होती. सावकाश फिरताना टिपलेला आवाज पुढे नेहमीच्या वेगाने वाजवला, तर तो आहे त्याहून चढा ऐकू येतो. माझी चाल मंदावली आहे हे मला कळत होते.

शुक्रवारी घरी, शेगडीजवळ जमलेल्या मंडळींसमोर आणि मुनीबसमोर मास्तरांनी मला सुरू केले. उबेत माझे अंग मोकळे झाले आणि मी बरोबर वेगाने फिरू लागलो. पहिल्यांदा मास्तरांचाच आवाज निघाला, चांगला बारीक. सगळे हसले. "मास्तर, तुम्ही तर शाळकरी पोर झालात!" मग मुनीबचा सूर आला आणि खोलीतली कुजबुज थांबली. मास्तरांनी ऊद घेतला, बोटे सरकवली, पुन्हा सरकवली.

"पाऊण सूर!" ते ओरडले. "माझ्या वहीतल्या सगळ्यात उंच सुराच्या वर पाऊण सूर!"

मुनीब गोंधळला होता. "हा मी आहे? मला तर दुसराच कुणी वाटतोय."

"स्वतःचा आवाज सगळ्यांना परकाच वाटतो, लेका," शुक्री म्हणाले.

तेव्हा मी काही करू शकलो असतो. खरखर, अडखळ, काहीतरी. पण सगळे माझ्याभोवती वाकून उभे होते आणि मला ते आवडले. मास्तरांच्या बहिणीने माझ्यासाठी मखमली आच्छादन शिवले. हमा, होम्स, दमास्कस, कुठून कुठून लोक तो सूर ऐकायला आले. फितीच्या नकला झाल्या. "मुनीबचा पाऊण सूर" असे त्याला नावच पडले. मी फुगून गेलो होतो.

मग दमास्कसहून नाजी बे नावाचे एक बडे गृहस्थ आले. त्यांनाही हाच नाद होता. ते म्हणाले, "फितीवर काय, काहीही ऐकू येतं. माझ्यासमोर गाऊ दे. मी कानूनच्या तारा छेडणारा वादक सोबत आणतो, सूर तो देईल."

मुनीब मास्तरांकडे आला. "मास्तर, मी तिथवर पोचत नाही हो. रोज करून बघतोय. गळा म्हणतो, बाबा, इथंच थांब."

"पोचत नाहीस काय? पोचलायस तू! फितीवर आहे ते."

मुनीबने माझ्याकडे पाहिले. "असेल मग," तो म्हणाला. "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

मित्रांनो, हे वाक्य माझ्या फितीवर नाही. तरी ते माझ्यातून पुसले जात नाही.

सहा आठवडे तो त्या सुरामागे लागला. त्याची आई, उम्म मुनीब, बडीशेपेचा काढा घेऊन त्याच्यामागे फिरायची. "गातोयस की दगड उचलतोयस, रे? मानेच्या शिरा बघ कशा फुगल्यात!" तो हसण्यावारी न्यायचा. मग त्याला हसतानाही खोकला येऊ लागला.

नाजी बेंसमोर गायचा दिवस वसंतातला होता. अंगणात साठ माणसे होती. कानूनवाल्याने तार छेडून सूर दिला. मुनीब वर चढू लागला. त्याची मूठ गुडघ्यावर आवळलेली होती. तो सुराच्या अगदी जवळ गेला आणि तिथे कापड फाटावे तसा त्याचा आवाज फाटला. त्याने रुमाल तोंडाला लावला. रुमालावर रक्त होते.

"वा!" नाजी बे उठत म्हणाले. "फितीचे गवई!" काही जण हसले. पुढे बाजारातही त्याला तेच नाव पडले.

त्या दिवशी हवा उबदार होती. मी अगदी बरोबर फिरत होतो. तो फाटलेला आवाज मी जसाच्या तसा टिपला.

मुनीबचा गळा परत आला नाही. डॉक्टरांनी गाणे बंद करायला सांगितले. तो घोगऱ्या, कुजबुजत्या आवाजात बोलू लागला.

पुढच्या हिवाळ्यात माझा पट्टा तुटला. दुरुस्ती करणारे वाहराम उस्ता आले. त्यांनी मला उघडले आणि विचारले, "मास्तर, थंडीत कधी बाहेर चालवलं होतं का हे? हे वंगण गारठलं की रिळं रेंगाळतात."

 मास्तरांनी कागद घेतला आणि हिशेब मांडला. रिळे किती रेंगाळली तर आवाज किती चढतो? उत्तर पाऊण सुराहून थोडे जास्तच आले. त्यांनी पुन्हा मांडला. पुन्हा तेच आले.

वाहराम उस्तांनी नवा पट्टा आणि वंगण घातल्यावर दुसऱ्या दिवशी मास्तर मला आणि त्यांना घेऊन कारखान्यात गेले. मुनीब शिक्के मारत होता.

"मुनीब, त्या सुरावर तू कधी गेलाच नव्हतास. यंत्र सावकाश फिरलं होतं. तू मला सांगत होतास, आणि मी... मी मोजत बसलो."

मुनीबने शिक्का खाली ठेवला. "म्हणजे मी खोटा नव्हतो?"

"नाही रे बाबा."

"माझा गळा सांगत होता तेच खरं होतं?"

"तेच."

मुनीबने हात कपड्यांना पुसले. मग म्हणाला, "मला ऐकवा. मी गायलो होतो तसं."

वाहराम उस्तांनी माझा एक स्क्रू पिळून माझा वेग कमी केला. मी फिरू लागलो. यावेळी आवाज रुंद आला, भरलेला, साबणाच्या भिंतींमध्ये मावेनासा. मास्तरांच्या वहीत त्याचा नंबर चौथा-पाचवा लागला असता. मास्तरांनी वही उघडली नाही. जेवणाचा डबा घेऊन आलेली उम्म मुनीब दारातच थांबली. "हा माझा मुनीब," ती म्हणाली. "तो चिरका कोण होता, अल्लाला ठाऊक."

मुनीब मान खाली घालून ऐकत होता. फीत संपली तेव्हा तो हळूच म्हणाला, "चांगला होता की हो."

मास्तरांनी नकला नेणाऱ्या प्रत्येकाला पत्र लिहिले. "सूर खोटा आहे, चूक माझी आहे," असे कळवले. उत्तरे थोड्यांचीच आली. नाजी बे यांचे आले नाही.

आता मास्तर नाहीत, मुनीबही नाही. या शहराने पुष्कळ सोसले. मी मास्तरांच्या बहिणीच्या नातवाच्या घरी एका कोपऱ्यात असतो. माझी रिळे फिरत नाहीत. पण कुणीतरी एक जुनी नक्कल कुठून तरी मिळवली आणि तो चढा सूर आता मोबाइलवर पसरला आहे. जगभरची नादिष्ट माणसे तो ऐकतात, मोजतात, त्याखाली आश्चर्याने लिहितात.

या घरात लमीस नावाची बारा वर्षांची मुलगी आहे. तिचा आवाज गोड आहे. गेल्या महिन्यापासून ती मोबाइल समोर ठेवून त्या सुराशी आपला सूर जुळवू पाहते. काल ती दोनदा खोकली.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा, पट्टे वेळेवर बदला, तेही हवेच. पण कुणाचा गळा, कुणाची पाठ, कुणाचे पाय "इथंच थांब" म्हणत असतील, तर त्यांच्याविरुद्ध माझ्यासारख्याची साक्ष मानू नका. मला आता आवाज नाही. तुमच्यापैकी कुणी आमच्या दारावरून जात असेल, तर कृपा करून आत या आणि त्या पोरीला सांगा की तो सूर कुणीच गायला नव्हता.