गळाला लावलेला अर्थ

वहिनींचं टेबल स्वयंपाकघराच्या खिडकीशी होतं, आणि गेले काही दिवस त्यांचा एक डोळा कागदावर, तर दुसरा धाकट्या दिरावर होता.

दोघांचं काम एकच, इंग्रजी शब्दांचा कोश करण्याचं. मंडळं मात्र दोन, एकमेकांच्या उरावर बसलेली. वहिनी एकीकडे, भावजी दुसरीकडे. वहिनींचा नवरा पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे मीठ मागा. आधी त्याची व्युत्पत्ती येते, मग मीठ."

हसण्यावारी चाललं होतं ते चाललं. पण दुसऱ्या मंडळाच्या कोशाच्या ताज्या छापील भागांत वहिनींनी खपून शोधलेले बारकावे दिसू लागले. एकदा योगायोग म्हणावा, दुसऱ्यांदा कसा म्हणावा? वहिनींच्या मंडळाच्या मुख्य संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, घरभेदी तुम्हीच शोधा. मी शोधला, तर त्या माणसाला या धंद्यात कुणी दारात उभं करणार नाही."

नाव त्यांनी घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

वहिनी नवी नवरी म्हणून घरात आल्या तेव्हा या दिराने सगळ्यात आधी विचारलं होतं ते एवढंच, "वहिनी, हा शब्द कुठून आला हो?" शब्दांचं वेड त्यांनीच त्याला लावलं. अजूनही सकाळी तो चहा घेऊन टेबलाला टेकायचा, "आज कुठलं गिऱ्हाईक?" म्हणायचा. पूर्वी ते ऐकून जीव सुखावायचा. आता वाटायचं, हा कप पुढे करतोय की कागदात डोकवायला मान?

त्या दिवसांत गिऱ्हाईक होतं 'सॅड'. आज शेंबडं पोरही त्याचा अर्थ दुःखी असा सांगेल. पण फार जुन्या इंग्रजीत सॅड म्हणजे पोटभर जेवलेला, तृप्त. भरला तो जडावला, जडावला तो स्थिर झाला, गंभीर झाला, आणि गंभीर चेहऱ्यावर दुःख कधी येऊन बसलं ते कुणाला कळलंच नाही. भरल्या पोटी घरून निघाला, भरल्या डोळ्यांनी मुक्कामी पोचला.

आणि नेमका त्याच दिवशी वहिनींचा पाव बिघडला. फुगलाच नाही, तळाला चिकट गोळा. त्या गोळ्याकडे बघता बघता त्यांच्या मनात पाप आलं. त्यांनी कागदावर अक्षर न गिरगटता लिहिलं, 'सॅड: (पाव) न फुगलेला, जड बसलेला.' साफ पदरचा अर्थ. आपली सगळी टिपणं चाळून तो कुठे नाही याची खात्रीही केली. मग कागद उघडा टाकून आंघोळीला गेल्या आणि नळ सोडून नुसत्याच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या मंडळाचा पुढचा भाग आला. पाव त्यात होता.

वहिनींनी ती ओळ दोनदा वाचली, आणि त्यांना, लाज वाटावी असा आनंदही झाला.

संध्याकाळी भावजींना ताट वाढून त्या समोर बसल्या. "पावाचा अर्थ कुठून आणलात?"

"छापून आला? पाहिलात?" भावजी खुलले, उठून पिशवीतून एक फाटकं पुस्तक घेऊन आले. गृहिणींसाठीचं, कुठल्याशा इंग्रज बाईचं, पानं पिवळी पडलेली. पीठ नीट वर आलं नाही तर पाव सॅड होतो, असं त्यात स्वच्छ छापलं होतं.

वहिनींनी पान वाचून पुस्तक परत केलं. "म्हणजे माझा कागद वाचलात."

"वाचला की. नेहमीच वाचतो. उघडा ठेवता, म्हणजे मला वाचायलाच ठेवता असं धरून चालतो. पण आधार हाती आल्याशिवाय तुमची एक ओळ घेतली नाही मी. याच्यासाठी तर जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली. म्हटलं, वहिनींनी लिहिलंय, म्हणजे असणारच कुठेतरी."

"भावजी, तो मी रचला होता."

"रचला? कशाला?" विचारता विचारताच त्यांचा घास हातात थांबला. "माझ्यासाठी?"

वहिनींनी मान डोलावली. "आमच्या संपादकसाहेबांनी घरभेदी शोधायला सांगितलंय. मी सांगेन, टेबल माझंच उघडं होतं, चूक माझी. तुमचं नाव घेणार नाही."

"उपकार झाले." भावजींनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं, ते अगदी वहिनी गेले कित्येक दिवस त्यांच्याकडे पाहत होत्या तसं. "सॅड म्हणजे तृप्त, हा अर्थ? तो खरा?"

"खरा."

"आणि गंभीर, तो?"

"अहो, असं काय विचारता? खराच आहे."

"आधार दाखवा."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी मागितलं नव्हतं. वहिनी उठल्या, हात पुसले आणि टेबलावरची पुस्तकं एकेक करून आणू लागल्या. भावजींनी ताट बाजूला सारलं आणि ओळीखाली बोट धरून पहिल्यापासून तपासायला घेतलं.