बारानंतरचं दान

यसवतीच्या नवऱ्याला जाऊन तीन महिने होत आले होते आणि तिसऱ्या महिन्याचं दान तिला स्वतःच्या हाताने रांधायचं होतं. सासूचं, सासऱ्याचं, दिराचं तिनेच रांधलं होतं. भिक्खूंनी जेवायचं आणि त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला द्यायचं, तेव्हा कुठे तिकडे त्याचं भागणार. सातव्या दिवसाचं पोचलं असेल, पण ते किती पुरणार? नवरा, पियतिस्स, जन्मभर खोबऱ्याच्या गिरणीत राबलेला माणूस. भूक लागली की त्याला दम म्हणून धरवत नसे. तो वाट बघत असेल, या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मुलगा चतुरंग मात्र कोलंबोहून आला तो सगळं परस्पर ठरवूनच.

"आई, या वयात चुलीपुढे बसू नकोस. पुण्यसेवावाले सगळं करतात. मांडव, जेवण, भिक्खू, व्हिडिओ."

"भिक्खूसुद्धा तेच आणतात?"

"मग. सुवच भंते येणार आहेत. त्यांची तारीख मिळत नाही लोकांना."

"आणि आपले गुणरतन भंते? तुझ्या बापाच्या उशाशी रात्रभर सुत्तं म्हणत बसले होते ते."

"त्यांनाही बोलाव ना. एखादे म्हातारे भंते असले की फोटोत बरं दिसतं."

याला लहानपणी हात धरून विहारात आपणच नेत होतो ना, असं यसवतीच्या मनात आलं. पण दानाच्या कामात भांडण नको म्हणून ती उठून गुणरतन भंत्यांना सांगायला विहारात गेली.

दानाच्या दिवशी गुणरतन भंते गावातल्या विहारातून चालत आले, सुवच भंते गाडीतून. रीतीप्रमाणे चतुरंगने उंबऱ्याशी त्यांचे पाय धुतले. कॅमेरावाला म्हणाला, पाण्यावर ऊन पडलं नाही, परत घेऊ. भंत्यांचे पाय पुसले, त्यांना फाटकापर्यंत मागे नेलं, तिथून परत चालवत आणलं आणि पुन्हा पाय धुतले. मग चतुरंगचा चेहरा झाकला गेला म्हणून आणखी एकदा. गुणरतन भंत्यांच्या टाचा भेगाळलेल्या. ऐंशीच्या घरातला तो माणूस ओल्या पायांनी मुकाट जात-येत होता आणि चतुरंग कॅमेऱ्याकडे बघून नम्रपणे हसत होता. यसवतीला शिसारी आली. पोटच्या पोराची शिसारी येणं फार वाईट, पण आली खरी.

आत मांडवात पुण्यसेवेची एक मुलगी पांढऱ्या साडीत, हातात फोन घेऊन जेवण दाखवत फिरत होती. तिने फणसाच्या भाजीवरचं झाकण उचललं, नाक आत घातलं आणि फोनकडे बघून म्हणाली, "मंडळी, काय वास सुटलाय म्हणून सांगू."

दानाचं अन्न इकडे कोणी चाखत नाही. मीठसुद्धा हाताच्या अंदाजाने घालतात आणि फोडणीचा वास आला तर बायका तोंड फिरवतात.

"अगं, बुद्धाला वाढायच्या आधी हुंगलंस?" यसवती म्हणाली.

"आजी, हुंगलंय फक्त. खाल्लं कुठे?" मुलगी खिदळली. फोनच्या पलीकडेही बरेच जण खिदळले असणार.

यसवतीने ते भांडं उचलून मागच्या ओट्यावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या भांड्यांतलं थोडं थोडं काढून तिने बुद्धापुढे ठेवलं आणि हात जोडले. आता भिक्खूंना वाढलं की झालं, असं तिला वाटलं.

पण वाढायच्या आधी सुवच भंत्यांनी फोनसमोर प्रवचन सुरू केलं. ऑफिसात मन शांत कसं ठेवावं, यावर. आवाज गोड, मध्ये मध्ये विनोद. बघणाऱ्यांची नावं ते वाचून दाखवत होते आणि मेलबर्नच्या कुणाला, दुबईच्या कुणाला आशीर्वाद देत होते. यसवतीचं लक्ष अंगणातल्या माडाकडे होतं. त्याची सावली बुंध्याशी गोळा होत चालली होती. बारा वाजून ऊन कललं की भिक्खूंना दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत अन्न चालत नाही. तिने चतुरंगला खूण केली. तो कुजबुजला, "लाइव्ह चालू आहे, आई. मध्येच कसं तोडू?"

प्रवचन संपलं, पानं वाढली, भाताची वाफ निघाली. गुणरतन भंत्यांनी बाहेर सावलीकडे पाहिलं आणि पात्रावर हात धरला.

"मला नको. वेळ गेली."

"भंते, पाच-दहा मिनिटांचं काय एवढं?" चतुरंग म्हणाला.

सुवच भंते हसले. "बुद्धांच्या काळी घड्याळं कुठे होती? काळाबरोबर माणसाने थोडं वाकायला हवं. लोक कामधंदा सोडून आलेत, त्यांचं मन मोडायचं का?"

"घड्याळं नव्हती म्हणून तर सावली बघायचे," गुणरतन भंते म्हणाले. "तुम्ही जेवा. मी कोणाला शिकवायला आलेलो नाही."

आणि सुवच भंते जेवले. चवीने जेवले. वांगं घेतलं, डाळ घेतली, दह्यावर काकवी दोनदा ओतून घेतली आणि बोटं चाटली. ती मुलगी फोन घेऊन त्यांच्या तोंडाशी वाकली होती. शेजारी म्हातारा रिकामं पात्र मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच चटईवर हे चाललंय याची यसवतीला इतकी किळस आली की आंघोळ करावीशी वाटली.

शेवटी झारी आणली. घरच्या सगळ्यांनी झारीला हात लावायचा, कप भरून वाहीपर्यंत पाणी ओतायचं, त्या पाण्याबरोबर पुण्य गेलेल्याला द्यायचं. याच्याचसाठी तर सगळा खटाटोप होता.

"आई, हात लाव."

यसवतीने हात पदराखाली घेतले. "कसलं पुण्य ओतू? म्हाताऱ्या माणसाला घरी बोलावून उपाशी बसवलं, त्याचं?"

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. सकाळपासून तेवढंच तर केलंय सगळ्यांनी."

"मग बाबांचं काय? त्यांना मिळायला नको?" चतुरंगचा आवाज चढला. "तुझ्या हट्टापायी त्यांना उपाशी ठेवणार?"

हा घाव मात्र बरोबर बसला. ती स्वयंपाकघरात निघून गेली. चतुरंगने एकट्यानेच झारी वाकवली. गाथा झाल्या, मांडवाने साधु, साधु, साधु म्हटलं. तोवर यसवतीने कोऱ्या चहाचं आधण ठेवलं होतं. दुपारनंतर भिक्खूंना तेवढं चालतं. चहा आणि गुळाचा खडा तिने गुणरतन भंत्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. ते म्हणाले, "यसवती, तू काही चुकली नाहीस." त्याने तिला बरं वाटलं नाही.

गेलेली माणसं आपल्या दानाच्या दिवशी कुंपणाबाहेर येऊन उभी राहतात, दिल्याशिवाय घेत नाहीत, हे तिला पोरवयापासून माहीत होतं. ती मागच्या फाटकाशी गेली. रस्त्यावर कोणी नव्हतं, नुसतं ऊन होतं.

"अहो," ती म्हणाली, "आज काही नाही. पोराने ओतलं ते नुसतं पाणी. आत जे शिजलंय ते तुमच्या तोंडी घालायचं नाही मला. उपाशीच जा."

मग तिने फाटकाला आतून कडी घातली.