ठेवा

हर्षलाने भिजवलेल्या वालाचा दाणा चिमटीत दाबला, साल बोटांत राहिली आणि बिरडं टुणकन उडून ओटीच्या कडेला गेलं. ते उचलायला ती वाकली, तर नाकासमोर एक मोबाइल आला.

"तुझा तारा नालायक हाय," शेजारच्या गौराबाई म्हणाल्या. "त्याच्यापायी आज माझी जीप गेली."

गौराबाईंना उभ्याने भांडणं जमत नसे. त्या आधी पायरीवर ऐसपैस बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि मग चेहरा रागाचा केला.

"काय झालं काकी?"

"काय व्हायचं ऱ्हायलं! कशेळ्याला लेकीकडं निघालेले. तूच बोललीस ना, तारा दाबला की जीप आल्यावर फोन वाजतो. दाबला. भरलेला व्हता, तो रिकामा झाला. मी म्हटलं, पुसला का काय माझ्याच हातानं? म्हणून परत दाबला. भरला. मंग बसले निवांत घरात. जीप गेली की गं डोळ्यांदेखत! आत आपल्या आळीतली तेजश्री बसलेली. हात करून गेली, वर हसली पन."

हर्षलाने ओढणीला हात पुसून फोन घेतला. 'फाटा' नावाचं ते अ‍ॅप तिने आणि योगेंद्रने मिळून केलं होतं. पोशीर, नेरळ, कशेळे, कर्जत या भागात धावणाऱ्या जीपगाड्यांसाठी. थांब्यापुढचा तारा दाबला की तो थांबा ठेवला जातो, मग जीप जवळ आल्यावर फोन वाजतो, एवढंच त्याचं काम. चित्रं हर्षलाची, बाकी सगळी जुळणी योगेंद्रची. लोकांना अ‍ॅप आवडलं, पण ताऱ्याच्या नादी कोणी लागलं नाही. जीपवाल्यालाच फोन करून "कुठं आलास रं?" विचारायची सवय अशी सुटते थोडीच.

"उलटं कसं होईल काकी? भरलेला म्हणजे ठेवलेला," असं म्हणत तिने तारा दाबला. तो मोकळा झाला. हे बघा, आता गेला, असं ती म्हणणार होती. पण गौराबाईंनी लेकीच्या सासूचं गाऱ्हाणं काढलं आणि ते राहून गेलं. सासूबाईंचं पुराण निम्मंसं झालं असेल, तोच हर्षलाच्या हातातला फोन खणखणला. पोशीर फाटा. जीप येत आहे.

तारा मोकळाच होता.

"आता वाजतोय मेला!" गौराबाईंनी फोन हिसकावला आणि पिशवी सावरत त्या पळाल्याच. "येते गं!"

हर्षला ओटीवर तशीच बसून राहिली. मोकळा तारा, आणि फोन वाजला. म्हणजे मोकळा होता तोच ठेवलेला होता. गौराबाईंची जीप चुकली होती, ती आता मिळाली असती. पण हर्षलाला आठवला तो दुसराच एक मोकळा तारा.

योगेंद्र खालापूरचा. दोन पावसाळे तो मोटारसायकलवरून पोशीरला यायचा आणि याच ओटीवर दोघं लॅपटॉप उघडून बसायचे. हर्षलाची आई आधी चहा द्यायची, मग चहाबरोबर काहीबाही खायला देऊ लागली, आणि मग त्याला काय आवडतं ते लेकीला विचारू लागली. सगळं गाव समजून चुकलं होतं. बोलले नव्हते ते फक्त हे दोघं. योगेंद्रला बंगळूरला नोकरी लागली, तेव्हाही नाही. निघायच्या दिवशी त्याने आपला जुना फोन तिच्या हातात दिला.

"टेस्टिंगला होईल. माझं खातं उघडंच आहे त्यात. बघ जरा."

"बघते."

"नक्की बघ," म्हणाला, आणि मोटारसायकलला किक मारून, "येतो."

तिने संध्याकाळीच बघितलं. कर्जतपासून नेरळपर्यंत सगळ्या थांब्यांपुढचे तारे भरलेले होते. फक्त पोशीर फाट्यापुढचा मोकळा. चाचणीसाठी त्याने सगळे थांबे ठेवले असणार आणि जाता जाता नेमका हिचा तेवढा काढला असणार, असा अर्थ तिने लावला. येतो काय, जाताना सगळेच म्हणतात. ती त्या रात्री जेवली नाही. आईने कारण विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली, आणि खरोखर दुखायला लागलं.

चार दिवसांनी त्याचा फोन आला होता.

"बघितलंस का?"

"बघितलं."

"मग? कळलं?"

"कळलं. बरं झालं, स्पष्टच सांगितलंस. आता तो विषय नको."

तो नुसतं "बरं" म्हणाला. त्यानंतर त्याचे दिवाळीला, पाडव्याला असे निरोप येत, जसे सगळ्यांना पाठवतात तसे. तिला त्याची आठवण यायची. सरळ सांगायचं तर रोज यायची, विशेषतः दुपारी, चहाच्या वेळेला, मोटारसायकलचा आवाज फाट्यावरून आत वळला की. तो आवाज दर वेळी दुसऱ्याच कोणाचा तरी असे.

हर्षला आत गेली. लॅपटॉप उघडून तिने जुनी चित्रं शोधली. दोन तारे. भरलेल्या ताऱ्याला तिने नाव दिलं होतं, 'ठेवा'. रिकाम्याला, 'मोकळा'.

नाव देताना तिच्या मनात ठेवा होता तो जपून ठेवलेल्या वस्तूचा. आईच्या कपाटात आजीची ठुशी आहे, तसा. एखादा थांबा आपला झाला, आता तो आपला ठेवा, म्हणून तारा भरलेला. योगेंद्रने वाचलं ते मात्र बसमधली 'सुटे पैसे जवळ ठेवा' ही पाटी वाचावी तसं. ठेवा! म्हणजे ज्याने अजून ठेवलेलं नाही त्याला दाखवायचा तो, आणि ठेवून झालं की मोकळा. त्याने विचारलंही होतं, तिला आता लख्ख आठवलं. "ठेवा म्हणजे ठेवायचं असेल तेव्हा ना?" आणि तिने मान वर न करता "हो मग!" म्हटलं होतं. तेव्हा ती रंग निवडण्यात गर्क होती.

तिने दोन चित्रांची अदलाबदल केली. काम चुटकीसरशी झालं. मग कपाटात, ड्रेसच्या घडीखाली ठेवलेला जुना फोन काढून चार्जिंगला लावला. तो सुरू होईपर्यंत ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आली.

'फाटा' उघडलं. कर्जत मोकळं, कशेळे मोकळं, नेरळ मोकळं. भरलेला तारा एकच होता.

बाहेरून आई ओरडली, "हर्षले, बिरडं अर्धंच टाकून कुठं गेलीस गं?"

"आले!"

ती ओटीवर आली, वाडगा पुढ्यात घेतला आणि आपल्या फोनवरून योगेंद्रचा नंबर लावला. तिकडे लागलेली घंटा फार वेळ वाजली. आता तो उचलणार नाही असं तिला वाटलं आणि वाटून जरा बरंही वाटलं.

"हर्षला?"

"कामात आहेस का?"

"बोल ना."

"'फाटा'मध्ये एक चूक होती. तारे उलटे दिसत होते. आज नीट केले. म्हटलं, तुला सांगावं."

"उलटे कसे? मी तर तुझ्या नावांप्रमाणेच लावले होते. तू ठेवा लिहिलं होतंस."

"हो, पण मला तो ठेवा म्हणायचा होता. जपून ठेवतात तो. तू समजलास, ठेवायचं."

तो हसला. हसता हसताच थांबला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा, मग दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"म्हणजे त्या दिवशी तू फोन उघडलास तेव्हा..."

"पोशीर मोकळं दिसलं मला. बाकी सगळे भरलेले."

हर्षलाने वालाचा एक दाणा उचलला आणि न सोलताच परत ठेवला. एवढ्या दिवसांत त्याचं तिकडे काय काय झालं असेल, कोण भेटलं असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. विचारायचा हक्क कुठे होता? तो तिने स्वतःच "बरं झालं" म्हणून टाकून दिला होता.

"तो फोन आहे अजून?" त्याने विचारलं.

"आहे."

"काय दिसतंय आता?"

"भरलेला."

"हं."

त्या 'हं'चं काय करायचं ते तिला कळेना.

"चल, एवढंच सांगायचं होतं," ती घाईने म्हणाली. "ठेवू?"

"ठेव," योगेंद्र म्हणाला.

हर्षलाने फोन कानापासून दूर धरला. बोट लाल खुणेपर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं. त्याने काय ठेवायला सांगितलं, हे तिने विचारलं नाही. पलीकडूनही फोन बंद झाला नव्हता. तिने तो हळूच वाडग्याला टेकवून उभा केला आणि राहिलेलं बिरडं सोलायला घेतलं.