काच खाली घ्या

मी काच बोलतेय. आरशाची नाही, कपाटाची नाही. एका जुन्या मोटारीची, चालवणाऱ्याच्या नाकासमोरची. सध्या मुक्काम काचवाल्याच्या दुकानामागे, भिंतीला टेकून. अंगभर तडे गेलेत, पण तुकडे झालेले नाहीत. आमच्या जातीच्या काचेत दोन थरांच्या मध्ये एक पातळ पापुद्रा असतो, तो फुटल्यावरही आम्हाला धरून ठेवतो. माणसांच्या सोयीसाठी केलेली युक्ती आहे ती. माझी सोय कुणी विचारली नव्हती.

माझा जन्म भट्टीतला. सपाट काच तापवली, साच्यावर हलकेच वाकवली, थरावर थर दाबला आणि झाले मी तयार. मग काळ्या रबराच्या चौकटीत मला बसवलं आणि रबराच्या खाचेत एक चकचकीत पट्टी सरकवली. ही पट्टी आमच्यातली नटवी. दिवसभर उन्हात लखलखायची आणि वर सांगायची, ‘माझ्यामुळे रबर फुगतं, म्हणून तू जागेवर आहेस.’ मला वाटायचं, बढाया मारतेय. पुढे कळलं, खरंच बोलत होती बिचारी.

आमची गाडी घेतली ती मोटार चालवायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणते. त्यांनी गाडीच्या टपावर पाटी लावली आणि डाव्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक बसवून घेतला. शिकणारा उजवीकडे, सर डावीकडे आणि मी दोघांच्या समोर.

माणसं गाडी शिकायला बसली की श्वास सोडायचं विसरतात आणि मग एकदम सोडतात. माझ्यावर किती वाफ धरते यावरून मला कळायचं, कोण किती घाबरलंय. एक मोठे अधिकारी होते, ऑफिसात म्हणे लोक त्यांना टरकायचे. गाडी बंद पडली की ते गाडीचीच माफी मागायचे. एक बाई वळण आलं की डोळे मिटून घ्यायच्या. सर कुणाला हसले नाहीत. कालपरवा मिसरूड फुटलेल्या पोरालाही ते अहोजाहो करायचे. म्हणायचे, ‘इथे बसलेला माणूस आधीच भेदरलेला असतो, त्याला अरेतुरे कशाला?’

त्यांची वाक्यं ठरलेली असत आणि आवाजही एकाच पट्टीतला. सीट पुढे घ्या. आरसा बघा. काच खाली घ्या. पूर्ण खाली घ्या. क्लच दाबा. यातली काच म्हणजे मी नव्हे हं, दाराची काच. ती उघडी असली की कानाला रस्ता ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

साऱ्या गावाला शिकवलं, पण स्वतःच्या बायकोला मात्र शिकवलं नाही. काकू कधी म्हणाल्याच तर उत्तर तयार असायचं, ‘तुला कशाला? मी आहे ना.’ काकूही ‘ते आहेच म्हणा’ म्हणून पदर खोचून कामाला लागायच्या.

वर्षं गेली. एका ट्रकच्या चाकाखालची खडी उडून माझ्या खालच्या कोपऱ्यात टवका उडाला. रबर वाळून कडक झालं. आमच्या गाडीचं मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं होतं. सरांनी वय झालं म्हणून शिकवणी थांबवली, पाटी उतरवली आणि गाडी घरामागच्या पत्र्याखाली उभी राहिली. मी तिथे धूळ खात होते. माणसांना आम्ही मळलो तरच दिसतो, आणि वापरच नसला तर मळलेल्याही दिसत नाही.

मग एके सकाळी सर मोरीत पडले. उजवा हात गेला, उजवा पाय लटका पडला आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘हो’. चहा हवा? हो. नको? हो. भिंतीकडे बोट करूनही हो आणि रडतानाही हो. पूर्वी ज्यांच्या तोंडाचा पट्टा गाडीत थांबत नसे, त्यांच्या वाट्याला एवढंच आलं होतं.

व्यायामासाठी त्यांना रोज दवाखान्यात न्यायचं होतं. लेक लांबच्या गावी. भाड्याच्या गाडीवाल्यांना त्यांना आत बसवेपर्यंत धीर नसायचा. शेवटी काकूंनी सरांना धरून धरून आमच्या गाडीत आणलं, डावीकडे बसवलं आणि स्वतः उजवीकडे बसल्या. ‘तुमचा डावा पाय शाबूत आहे, ब्रेक तुमच्याकडे. चुकले तर दाबा,’ म्हणाल्या. शेजारचं मैदान रिकामं होतं. काकूंनी किल्ली फिरवली. गाडीने बेडकासारखी एक उडी मारली आणि बंद पडली.

डावीकडून आवाज आला, ‘क्लच एकदम सोडू नका.’

काकूंनी मान वळवली. ‘काय म्हणालात?’

‘आरसा बघा. दोन्ही हात स्टिअरिंगवर.’

‘अहो, मला काय अहोजाहो करताय!’ म्हणाल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. माझ्यावर दोघांच्या श्वासाची एवढी वाफ धरली की समोरचं मैदान दिसेना.

गाडीतून उतरले की पुन्हा फक्त ‘हो’. काकूंनी डॉक्टरबाईंना विचारलं. गाडीत बसल्यावर त्या लेकीला फोनवर सगळं सांगत होत्या, म्हणून मला कळलं. पाठ झालेली वाक्यं डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात, तो कप्पा वाचलाय. त्यांना रोज बोलतं ठेवा, त्या वाक्यांचं बोट धरून बाकीचं बोलणं येईलही. खंड पडू देऊ नका, नाहीतर आहे तेही जाईल.

म्हणून काकू रोज शिकायच्या. खरं सांगू, गाडी त्यांना लवकरच जमली, पण मुद्दाम चुकायच्या. चुकलं की सर बोलायचे. एक मात्र होतं. काकू गाडीत बसल्या की घाबरून आधी आपल्या दाराची काच उघडायच्या, त्यामुळे ‘काच खाली घ्या’ हे वाक्य त्यांच्या वाट्याला कधी आलंच नाही.

आणि एका दुपारी मैदानाच्या कडेला गाडी थांबवून काकू घाम पुसत होत्या, तेव्हा सर म्हणाले, ‘दमलीस?’

दमलात नाही, दमलीस. हे शिकवणीतलं वाक्य नव्हतं, हे घरचं होतं.  पुढचा शब्द येईल म्हणून काकूंनी बराच वेळ गाडी सुरू केली नाही. आला नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला ओल्या फडक्याने असं लख्ख पुसलं की मला नवी झाल्यासारखं वाटलं.

पाऊस झाला आणि माझ्या कोपऱ्यातून पाणी आत झिरपायला लागलं. ते नेमकं पेडलवर. काकूंचा पाय क्लचवरून सटकला, गाडी कुंपणाला घासली. पट्टीही एका टोकाने सुटून लोंबायला लागली. काकूंनी काचवाल्याला घरी बोलावलं.

भला माणूस होता. बोटाने रबर चाचपलं, टवका बघितला आणि म्हणाला, ‘काकू, हिला हात नको लावायला. रबर बिस्किटासारखं झालंय. काढायला गेलो तर या टवक्यातून तडा धावेल, आणि अशी दुसरी काच मिळायची नाही. मी वरूनच सील भरतो, पट्टी बसवतो. पाणी थांबेल.’

‘तसंच करा,’ काकू म्हणाल्या.

सरांना त्यांनी गाडीत बसवलं होतं, कारण गाडीत ते खुशीत असत. काचवाल्याने मला साबणाच्या पाण्याने धुवायचं म्हणून दारांच्या उघड्या काचा वर केल्या होत्या. ऊन चढलं. आत हवा कोंडली. सरांच्या बाजूच्या दाराचं काच फिरवायचं हँडल फार पूर्वी निखळलेलं, त्यामुळे त्यांना काही करता येईना. कपाळावर घाम आला. त्यांनी समोर बघितलं, माझ्यातून आरपार काचवाल्याकडे, आणि एकाच पट्टीतल्या त्या जुन्या आवाजात म्हणाले, ‘काच खाली घ्या.’

आता गॅरेजात काम करणाऱ्यांची भाषा वेगळी. त्यांच्याकडे काहीही काढायचं म्हणजे खाली घ्यायचं. इंजिन खाली घेतलं, गिअरबॉक्स खाली घेतला, काच खाली घेतली. काचवाल्याचा हात थांबला.

‘काका, काढायची म्हणताय?’

‘पूर्ण खाली घ्या.’

काकू पायरीवरून धावतच आल्या. ‘बोलले! परक्या माणसाशी बोलले!’ त्यांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू.

‘पण काकू, मी म्हटलं ना, फुटेल.’

‘अहो, त्यांचं सारं आयुष्य या गाडीत गेलंय. त्यांना जे कळतं ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही. इतक्या दिवसांनी त्यांनी काही सांगितलंय, ते म्हणतात तसं करा.’

नुसतं ‘घे’ म्हणाले असते, तर काकूंना कळलं असतं की आपल्याला सांगतायत. पण गाडीत त्यांच्या तोंडी ‘घ्या’च यायचं. मला कळलं होतं. मला एकटीलाच. आणि मी काच.

काकूंनी सरांना उतरवून सावलीत खुर्चीवर बसवलं आणि लेकीला फोन लावला. ‘अगं, बाबा बोलले! पूर्ण वाक्य!’ इकडे काचवाल्याने पट्टी उपसली. सरांनी ते बघितलं, डावा हात उचलला आणि ओरडले, ‘हो! हो!’ काचवाल्याने मान डोलावली. त्याने रबराची कड उलटवली. ‘हो! हो! हो!’ सर खुर्चीतून पुढे झुकले. ‘काढतोय काका, काढतोय. घाई नका करू,’ तो म्हणाला. काकू फोनवर सांगत होत्या, ‘ऐक, ऐक, अजून बोलतायत.’

त्याने आतून तळहात लावून मला हलकेच ढकललं. त्याची काही चूक नव्हती, जपूनच ढकललं होतं. टवक्यातून एक तडा निघाला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत धावत गेला, मग त्याला फाटे फुटले. आवाज फार झाला नाही.

सर काठी टेकत गाडीपर्यंत आले. त्यांनी डाव्या दाराच्या बंद काचेवर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं. ‘हो,’ म्हणाले, अगदी हळू.

काकूंच्या हातातला फोन सुरूच होता. लेक पलीकडून ‘आई, काय झालं? आई?’ करत होती. काकूंनी त्या काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘मीच काढायला लावली,’ एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर काचवाल्याने धावाधाव केली, त्याला नावं ठेवणार नाही. भंगाराच्या वाड्यांमध्ये कित्येक आठवडे फिरून त्याने माझ्यासारखी एक शोधून आणली. खाचेत दोरी घातली, साबणाचं पाणी लावलं, एकाने आतून दोरी ओढली, एकाने बाहेरून थापट्या मारल्या. बसली वाटलं, पण तिची गोलाई वेगळी होती. पट्टी खाचेत शिरेना आणि पट्टीवाचून रबर धरेना. दार लावलं की कोपरा बाहेर यायचा. ‘हिच्या भरवशावर मी माणसं रस्त्यावर सोडणार नाही,’ म्हणाला आणि ती काढून ठेवली. दरम्यान काकूंनी शेजाऱ्यांची नवी गाडी मागून आणली, सरांना डावीकडे बसवलं, मुद्दाम तीनतीनदा बंद पाडली. सर पुढे बघत बसले. खंड पडला होता.

परवा ती दोघं इथे आली होती. गाडी ओढून आणून या मागच्या अंगणातच ठेवली होती, माझ्या समोर. काकूंनी सरांना आत बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. आजवर मी त्यांच्यासोबत पुढे बघायचे. आता समोरून त्यांना बघत होते. मध्ये काच नव्हती. काचवाल्याने घासायचं मशीन बंद केलं.

‘क्लच दाबू?’ काकूंनी विचारलं.

‘हो.’

‘आधी आरसा बघू ना?’

‘हो.’

‘क्लच एकदम सोडून देऊ?’

‘हो.’

 काकूंनी स्टिअरिंग धरलेलंच होतं. समोर बघतच त्यांनी विचारलं, ‘माझ्यावर रागावलात का हो?’

‘हो.’

‘नाही ना रागावलात?’

सरांनी त्यांच्याकडे मान वळवली. डोळ्यांत पाणी होतं. ‘हो,’ म्हणाले.

काकूंनी खूप वेळाने त्यांना उतरवून घेतलं. काल भंगारवाल्याचा ट्रक येऊन गाडी घेऊन गेला. मला घेतलं नाही. पापुद्र्याची काच वितळवायलाही चालत नाही म्हणे. तेव्हा मी इथेच आहे. पाऊस आला की तड्यांतून आत शिरतो.

माझं मागणं एवढंच. तुमच्या घरात कुणी फार दिवसांनी बोललं, तर आनंद करा, पेढे वाटा, काय वाटेल ते करा. फक्त त्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा, ‘काय म्हणालात?’ काकूंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. मला काढलं त्या दिवशी मात्र तेवढं विचारायचं राहून गेलं.