मधली खुर्ची

मंगळवारी सकाळी रंगाच्या दुकानामागच्या गोदामात डबे बाजूला सारून खुर्च्या मांडल्या जायच्या. तीन कडेला, एक मध्ये. ज्याची पाळी असेल त्याने मधल्या खुर्चीत बसायचं, आपल्या धंद्याचं रडगाणं पाच मिनिटांत उरकायचं आणि मग वीस मिनिटं इतरांचं ऐकायचं. ऐकताना एकच शब्द उच्चारायला बंदी होती, 'पण'. हा नियम रंगवाल्यांचा. ते कुठल्याशा दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते आणि येताना एक फळा, एक वाळूचं घड्याळ आणि 'मास्टरमाइंड ग्रुप' हे नाव घेऊन आले होते. 'पण' म्हणणारा माणूस वाढत नाही, असं ते सांगायचे. ते स्वतः किती वाढले हे कुणी विचारलं नव्हतं. पोट सोडलं तर वाढलेलं काही दिसत नव्हतं.

या ग्रुपमध्ये ती सगळ्यात शेवटी आली. तिला सगळे टेलरबाई म्हणायचे. नवरा गेल्यापासून दुकान दोघींचं होतं, तिचं आणि सासूबाईंचं. ती मशीनवर बसून पँटी आखूड करायची, चेन बदलायची, लोकांच्या कंबरा घ्यायची, म्हणजे बहुतेक वेळा सोडायचीच. सासूबाई खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसून शर्टांची काजं हाताने करायच्या. भोकाभोवती दोरा असा बारीक फिरवायच्या की शर्ट विरला तरी काज उसवायचं नाही. हाताइतकंच तोंडही चालायचं. एखादी बाई कोट टाकायला यायची आणि तासभर बसून स्वतःच्या सुनेच्या कागाळ्या सांगायची, आणि सासूबाई आपल्या सुनेच्या देखत तिला खुशाल दुजोरा द्यायच्या.

अलीकडे मात्र काम आटलं होतं. कपडा फाटला की लोक सरळ नवा घेत. दुकान भाड्याचं, आणि मालकाने सांगून ठेवलं होतं की वर्षअखेर करार संपला की पुढचं पुढे बघू. हे दुकान गेलं तर दोघींनी करायचं काय, हा विचार मशीनवर बसल्या बसल्या यायचा आणि टीप वाकडी जायची. शेजारचे चष्मेवाले म्हणाले, "ताई, एकटीने किती डोकं खाजवाल? आमच्यात या. काहीतरी मार्ग निघेल." ती गेली.

तिची पहिली पाळी आली तेव्हा बेकरीवाले पुढे सरसावले. त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण दर मंगळवारी धंद्यातली सगळ्यात मोठी वाढ तेच सांगायचे आणि आपल्या बेकरीच्या लाल खोक्यातून बिस्किटं आणायचे.

"ताई, तुमच्या दुकानात शिरलं की पहिलं काय दिसतं?"

"खिडकी?" तिने अंदाज केला.

"म्हातारी दिसते. राग मानू नका. एका काजाला पाव तास, वर गप्पा. काजाचं मशीन घ्या आणि त्यांना घरी आराम करू द्या. माझे काका चाळीस वर्षं भट्टीवर होते. त्यांना घरी बसवलं आणि दोन महिन्यांत माझी बेकरी कुठल्या कुठे गेली."

"पण त्या..."

रंगवाल्यांनी फळ्यावर टकटक केली. तिने तोंड मिटलं. त्या एका शब्दामागे बरंच काही अडलं होतं. लोक कपड्यांसाठी कमी आणि सासूबाईंसाठी जास्त येतात, हे सांगायचं होतं. या बाईला घरी चार भिंतींशिवाय कोणी नाही, हेही सांगायचं होतं. वाळू सरली. रंगवाल्यांनी फळ्यावर लिहिलं, 'मशीन. आई घरी.' आठ दिवसांत करून दाखवायचं होतं. आणि खरं सांगायचं तर तिला तेव्हा बरंच वाटलं. थकलेल्या माणसाला कुणी ठामपणे काही सांगितलं की हायसं वाटतं.

"तुझ्या मंगळवारच्या शाळेने सांगितलं का?" मशीनचं आणि घरी बसायचं ऐकून सासूबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मग ठीक आहे. धंदा कळणारी माणसं असतील." त्यांनी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून पिशवीत टाकलं, स्टूल उचलून आतल्या बाजूला ठेवलं आणि भांडल्यासुद्धा नाहीत. भांडल्या असत्या तर तिला फार सोपं गेलं असतं.

स्टुलाच्या जागी मशीन आलं. अर्ध्या मिनिटात काज. आता काजासाठी शर्ट तेवढे येईनात. बाया दारातून डोकावायच्या, "आजी कुठेत?" विचारायच्या, "बरं, येते नंतर" म्हणून जायच्या आणि यायच्या नाहीत. घरी सासूबाईंनी पहिले काही आठवडे चिंध्यांवर काजं केली. पलंगावर ओळीने चिंध्या मांडलेल्या असायच्या, प्रत्येकीवर एक काज आणि बटण कशालाच नाही. मग तेही थांबलं. जेवण अर्ध्यावर आलं. चावायला नको वाटतं, म्हणायच्या.

म्हणून एका सोमवारी मऊ पाव आणायला ती बेकरीवाल्यांकडे गेली. आजवर कधी गेली नव्हती, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होती बेकरी. शटर खाली होतं. कुलपावर गंज, फटीत जुनी पत्रकं अडकलेली.

"सहा महिने झाले बंद होऊन," शेजारचा सायकलवाला म्हणाला. "काकांना घरी बसवलं ना, तिथेच बिघडलं. भट्टीचा अंदाज त्यांच्या हाताला होता. पाव एक तर कच्चा, नाहीतर कोळसा."

"आणि काका?"

"गेले की. तुम्हाला माहीत नाही?"

ती तशीच घरी आली. पिशवी रिकामी होती. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "आई, उद्यापासून दुकानात चला. तुमच्यावाचून चालत नाही."

 सासूबाईंनी उशीखालची सुई काढली, दोरा घेतला. दोरा सुईच्या नाकाशी गेला आणि बाजूने निसटला. पुन्हा गेला, पुन्हा निसटला. ताठरलेल्या बोटांना जणू सुईच परकी झाली होती.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आणि मी बसू कुठे? तिथे मशीन आहे ना."

 त्या बेकरीवाल्याची सगळ्यांसमोर शोभा करायची, एवढं ठरवूनच ती मंगळवारी गोदामात शिरली.

मधल्या खुर्चीत नवीन माणूस होता, एक लॉन्ड्रीवाला. धुतलेल्या शर्टाची सगळी बटणं लावून, गुडघे जुळवून बसलेला. बेकरीवाले लाल खोकं फिरवत होते. या वेळी तिने नीट पाहिलं. खोक्याच्या कडा मऊ पडल्या होत्या, रंग उडाला होता. तेच एक खोकं दर आठवड्याला. तिची नजर बेकरीवाल्यांच्या नजरेला भिडली आणि त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिच्या बशीत दोन बिस्किटं ठेवली.

"आमचे वडील अजून काउंटरवर बसतात," लॉन्ड्रीवाला सांगत होता. "हळू आहेत. कपडे हुडकायला वेळ लागतो. गिऱ्हाईक वैतागतं."

"या बाबतीत आमच्या ताईंचाच अनुभव ऐका," रंगवाले म्हणाले. "बोला ताई. आधी या आठवड्याची वाढ सांगा."

सगळे तिच्याकडे बघू लागले. खरं बोलायचं तर बेकरीवाल्याचं झाकलेलं उघडं पडलं असतं, पण त्याच्याबरोबर ती चिंध्यांची ओळही इथे मांडावी लागली असती. मी माझ्या सासूला फुकट घरी बसवलं, हे वाक्य मोठ्याने म्हणावं लागलं असतं. ते तिला झेपलं नाही.

"चांगली आहे वाढ," ती म्हणाली. "वडिलांना घरी आराम करू द्या."

लॉन्ड्रीवाल्याने मान वर केली. "पण ते..."

"पण म्हणायचं नाही," टेलरबाई म्हणाली.