कधीच नापास न झालेली कुपी

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या डब्यावर लाल पट्टी चिकटवण्यात आली. तिच्यावर लिहिले आहे, ‘वापर थांबवा’.

मित्रांनो, मी औषध-तपासणीच्या प्रयोगशाळेतली एक जुनी कुपी आहे. बोटाच्या पेराएवढी. माझ्या पोटात रक्तातला पिवळसर द्रव आहे आणि त्यात मोजून घातलेले औषध. किती, ते आधीच ठाऊक असते. रुग्णांच्या नमुन्यांबरोबर आमच्यातल्या सहा जणींना यंत्रात घालतात. आमचे आकडे जुळले, तर रुग्णांचेही खरे मानायचे. आम्ही साक्षीदार.

यंत्राला मोजायला शिकवतात ते शेजारच्या डब्यातल्या मापाच्या कुप्यांवरून. त्यांच्यासाठी औषधाची पूड एकदा तोलायची आणि आमच्यासाठी पुन्हा वेगळी, असा नियम आहे. एका तोलण्यात चूक झाली, तर दुसरे ती पकडते.

मला बनवले त्या दिवशी वजनकाट्यावर प्रयोगशाळेतले जुने कर्मचारी, काका होते. निवृत्तीला महिना उरला होता. त्यांनी पूड एकदाच तोलली, त्याच द्रावणातून दोन्ही डबे भरले आणि वहीत वजने मात्र दोन लिहिली. तोलताना पाहिल्याची सही करायला त्यांच्या सहकारी ताई आल्या.

“दोनदा तोललंत ना, काका?”

“अहो, काटा तोच, हात तोच. दुसऱ्यांदा काय सोनं निघणार आहे?”

ताई हसल्या. ‘समक्ष पाहिले’ या शब्दांखाली त्यांनी सही केली. थोडी पूड कागदालाच चिकटून राहिली होती. कागद टोपलीत गेला, आणि दोन्ही डब्यांत वहीतल्यापेक्षा कमी औषध उतरले.

पुढची दोन वर्षे मी उणे सत्तर अंशांवर काढली. बाहेर काढलेल्या बहिणी परत येत नसत, पण त्यांचे आकडे दरवेळी जुळत. जुळणारच, माप आणि साक्षीदार एकाच द्रावणातले. आपलेच दात, आपलेच ओठ. प्रयोगशाळेचे साहेब पाहुण्यांना डबा उघडून दाखवत. “गुणी पोरी आहेत. एकदाही नापास नाहीत!” मला अभिमान वाटला नाही. लाजही वाटली नाही. इतक्या थंडीत दोन्ही सारखीच गोठतात.

साठातल्या आम्ही सहा जणी उरलो, तेव्हा साक्षीदारांचा नवा डबा बनला. या वेळी पूड खरोखर वेगळी तोलली. काल त्या कुप्यांचे आकडे अठरा टक्के जास्त आले.

“नव्या फेकून द्या,” साहेब म्हणाले. “जुन्या कधी चुकल्यात?”

ताईंनी जुनी वही उघडली. आज सकाळी त्यांनी स्वतःच ती पट्टी लावली आणि फ्रीझरपाशी उभ्या राहून काकांना फोन केला.

“वहीत दोन वजनं आहेत ना?” पलीकडून आवाज आला. “खाली सही कुणाची आहे? मग झालं तर. कशाला उकरता, ताई?”

“आपल्या आकड्यांत पेशंटच्या रक्तात औषध जास्त दिसलं, काका. म्हणून डॉक्टरांनी डोस कमी केलाय. एकशे चौदा माणसं आहेत. उद्यापासून कमी गोळी घेणार.”

फोन बंद झाला.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. साक्षीदार वेगळ्या घरचा ठेवा. आणि जे पाहिले नाही, त्याखाली सही करू नका.

साडेअकराला ताई ती वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. आता एक वाजला आहे. दार अजून उघडलेले नाही.