कुंदनच्या रक्तातली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी मारक पेशी आहे. जुनी म्हणजे तेरा दिवसांची. हसू नका, आमच्यात पंधरा दिवस जगली तरी ती म्हातारी म्हणवते.

शेंदूरजनाघाटच्या कुंदनच्या कमरेच्या हाडात माझा जन्म झाला. कुंदनची संत्र्याची बाग आहे. तोडणी चालू होती आणि भरलेली कॅरेट उचलून त्याची कंबर धरली होती. मी हाडातून रक्तात उतरले आणि लगेच पहाऱ्याला लागले. शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या दारावर ओळखपत्र लावून असते. ते दिसलं की मी पुढे जाते. काही विषाणू भारी लबाड. ते पेशीत शिरले की ओळखपत्रच दडवून ठेवतात, म्हणजे दुसरे शिपाई फसतात. मी फसत नाही. दारावर ओळखपत्र नसलं की मी त्या पेशीला भोक पाडते, आत विष सोडते आणि तिला तिथेच संपवते. मोठी फौज तयार होऊन यायला आठवडा लागतो. तोवर आम्हीच लढायचं. शाबासकी मात्र नंतर फौजेला मिळते, पण ते जाऊ द्या.

एवढी मी तिखट, तरी जन्मापासून मला झापड यायची. पाहत होते पण हात उचलत नव्हता. मला वाटलं, मीच कामचुकार निपजले. खरं कारण कळलं ते कानाच्या पाळीतून जाताना. तिथली कातडी पातळ, बाहेरचं सगळं ऐकू येतं.

"अर्धी तू घे, अर्धी मी घेतो," बेबीताई म्हणत होती. ही कुंदनची आई. तिचे गुडघे धरलेले. बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून ती जडीबुटीची म्हणून पुडी आणायची. पुडी घेतली की काठी न घेता देवळापर्यंत जायची. लेकाची कंबर पाहून तिला राहवलं नाही. तीन महिने मायलेक एक पुडी वाटून खात होते. त्या पुडीतलं काहीतरी रक्तात यायचं आणि आम्ही सगळ्या पेंगायला लागायचो.

त्यातच, जुन्या पेशी सांगायच्या, माझ्या जन्माआधी कुंदनची लेक खुशी शाळेतून कांजण्या घेऊन आली होती. ती आठ दिवसांत बरी झाली. कुंदनला लहानपणी कांजण्या झाल्याच नव्हत्या. दोन आठवड्यांनी त्याला ताप भरला आणि अंगभर फोड आले.

"माता आली हाये घरात," बेबीताई सुनेला म्हणाली. "उशाशी कडुलिंबाचा पाला ठेव. फोडणी घालू नको. पाच दिस कुठीच न्यायचं नाही."

"पण आई, खुशीले असे नव्हते आले," सुनेनं, साधनानं, हळूच म्हटलं.

साधनाचं खरं होतं. मी आत सगळं पाहत होते. दारांवरची ओळखपत्रं भराभर गायब होत होती. मी एका पेशीला धरायची, तोवर शेजारच्या दहा गेलेल्या असायच्या. तिसऱ्या दिवशी विषाणू फुप्फुसात उतरला. मला भीती वाटली, हे सरळ सांगते. कुंदनला बोलताना धाप लागायला लागली, तेव्हा बेबीताईच उठली. देव्हाऱ्यापुढे तिनं पाणी ठेवलं, हात जोडले.

"मातेले मी सांगतलं," ती साधनाला म्हणाली. "आता गाडी बोलाव. अमरावतीले नेऊ याले."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी छातीचा फोटो काढला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "माणूस धडधाकट आहे," त्या म्हणाल्या. "गोळ्या सुरू करते. आजचा दिवस साध्या वॉर्डात ठेवू. दुसरं काही औषध चालू आहे का? गोळी, पुडी, काहीही?"

कुंदननं नकारार्थी मान हलवली. पुडी आईची, बोलणी आईला बसणार, म्हणून त्यानं ती लपवली. मी त्याच्या गळ्याच्या शिरेत होते. मित्रांनो, मी ओरडू शकत नाही. माझ्याकडे विष आहे, पण तोंड नाही.

डॉक्टरबाई दारापर्यंत गेल्या. बेबीताई बाकावर बसली होती. बोललं तर पुडी बंद होणार, गुडघे पुन्हा धरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पदराची गाठ सोडली आणि पुडी पुढे धरली.

"बाई, हे देत होतो मी त्याले. तीन महिन्यांपासून. माह्या हातानं."

डॉक्टरबाईंनी पुडी उघडून पाहिली आणि ताबडतोब परिचारिकेला हाक मारली. "अतिदक्षता विभागात खाट तयार करा. औषध शिरेतून द्यायचं." मग बेबीताईला म्हणाल्या, "अशा पुड्यांत बहुतेक स्टिरॉइड मिसळलेलं असतं. त्यानं अंगातला पहाराच झोपतो. पण एकदम तोडायचं नाही, त्यानंही जीव जाऊ शकतो. दोघांचंही आम्ही मोजून कमी करू. बरं झालं, आता बोललात."

ते दोन दिवस कसे गेले ते मला विचारू नका. शिरेतून औषध आलं आणि विषाणूची पैदास मंदावली. मग मला दमानं एकेक दार गाठता आलं. माझ्याबरोबरच्या किती गेल्या ते सांगवत नाही. तापाच्या सातव्या दिवशी फौज आली, वाजतगाजत. कुंदनचा श्वास मोकळा झाला.

आज तो घरी आला. दारात बेबीताई काठी घेऊन उभी होती. पायरी उतरताना तिचा गुडघा अडला. कुंदननं हात पुढे केला, तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं. मी नेमकी तिथूनच जात होते.

"माह्यावर राग तं नाही ना?" तिनं विचारलं.

"तू बोलली म्हणून मी हाये," कुंदन म्हणाला. "धर नीट."

माझा हा शेवटचा फेरा. मागणं थोडंच आहे. पोटात काय जातं ते आम्हाला कोणी विचारत नाही. तुम्हाला मात्र डॉक्टर विचारतात. तेव्हा लाजू नका, कोणाला पाठीशी घालू नका. खरं सांगा. आम्हाला तोंड नाही, तुम्हाला आहे.